वाटणी

घरातील मिळकतीची वाटणी होते तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात : वाटणारा निःपक्षपाती होता काय, आणि वाट्याला आले ते न्याय्य आहे काय? आपण हे दोन्ही प्रश्न सहसा एकच समजतो. ते एक नाहीत, हे आपल्या देहात चालणाऱ्या एका वाटणीकडे पाहिले म्हणजे कळते.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक मातेकडचे, एक पित्याकडचे. अंडपेशी वा शुक्रपेशी घडताना अर्धसूत्री विभाजनात या जोड्या विलग होतात आणि प्रत्येकीतील एकच गुणसूत्र पुढे जाते. या निवडीतूनच ८३,८८,६०८ प्रकारची युग्मके संभवतात. गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, ती निराळीच. ग्रेगोर मेंडेलने १८६५ साली ब्रनो येथे वाटाण्यावरील आपले प्रयोग मांडले, तेव्हा त्याला गुणसूत्रे ठाऊक नव्हती. परंतु एका गुणाची दोन रूपे युग्मकांत समसमान वाटली जातात, हे त्याने आकड्यांवरून ताडले होते.

याहून निःपक्षपाती वाटप कल्पिणे कठीण. तरीही विदर्भातील सिकलसेलग्रस्त कुटुंबांकडे पाहावे. आईवडील दोघेही वाहक, स्वतः बहुधा निरोगी. त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता मात्र एक चतुर्थांश. पहिले मूल आजारी निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता घटत नाही. पेशीला मागचे स्मरण नसते. एक भाऊ वेदनेने तळमळतो, दुसरा अंगणात धावतो. दोघांत पुण्याचा फरक नाही आणि आईबापांच्या हातून पापही घडलेले नाही.

अशा वेळी आपण पूर्वसंचिताचा आधार घेतो. त्यात सांत्वन असते हे खरे. पण त्याच शब्दात आजारी मुलावर आरोप असतो, आणि निरोगी माणसाला न कमावलेला गौरव.

कोणी म्हणेल, दोष कोणाचाच नाही, तर देणेही कोणाचे नाही. हा युक्तिवाद मला पटत नाही. ऋण केवळ अपराधातूनच निर्माण होते असे नाही. ज्या सोडतीत त्याच्या वाट्याला वेदना आली, त्याच सोडतीत माझ्या वाट्याला आरोग्य आले. एवढे कारण पुरेसे आहे. औषध, रक्त, शाळेतील बाक, सोयरिकीच्या बोलण्यातील सन्मान यांची वाटणी पेशी करीत नाही, आपण करतो. पेशीला जाब विचारता येत नाही. आपल्याला विचारता येतो.