रोगाचा मार्ग आणि रोग्याचे शील

मुळशी तालुक्यात मुठा नावाचे गाव आहे. त्याच नावाची नदी त्या खोऱ्यातून टेमघर व खडकवासला या धरणांत विसावत पुण्यास येते. त्या खोऱ्यात हिंडताना एका देवळाच्या ओट्यावर, तोंडभर वण असलेले एक वृद्ध गृहस्थ मला भेटले होते. “लहानपणी देवी आल्या होत्या,” असे ते सहज सांगून गेले. सांगणाऱ्यास संकोच नव्हता आणि ऐकणाऱ्यासही त्यात काही विचारण्याजोगे वाटले नाही.

आपल्या भाषेने त्या रोगास ‘येणे’ हे क्रियापद दिले, यात मोठे औदार्य आहे. देवी येते, कोणाकडे यावयाचे ते तीच ठरविते, मग रोग्यास दोष कोण देणार? गरमी, परमा हे शब्द मात्र त्याच भाषेने दाराआड कोंडले. ते रोग येत नाहीत, माणूस ते ‘लावून घेतो’. फोड दोन्हीकडे अंगावरच उठतात. एकीकडे कडुलिंबाचा पाला आणि दुसरीकडे खाली घातलेली मान, एवढाच काय तो फरक.

मंकीपॉक्सने ही जुनी वाटणी विसकटून टाकली आहे. हा विषाणू देवीच्याच कुळातला. 1958 साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतील माकडांत तो प्रथम आढळला, आणि 1970 साली काँगोमध्ये नऊ महिन्यांचे एक मूल त्याचा पहिला ज्ञात मानवी रोगी ठरले. त्या मुलाच्या शीलाची चौकशी अर्थातच कोणी केली नाही. पुढे 2022 साली ही साथ युरोप-अमेरिकेत पसरली, आणि रोगी बहुतांशी पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आहेत असे दिसताच चौकशीस एकदम ऊत आला. त्याच वर्षी 14 जुलैस केरळात भारतातील पहिला रोगी निश्चित झाला. त्याचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले होते.

तपासणीत काय सापडते, हे येथे नीट पाहिले पाहिजे. रोमच्या स्पॅलांझानी संस्थेतील वैद्यांना पहिल्या चार रोग्यांपैकी तिघांच्या वीर्यात या विषाणूचे जनुकीय द्रव्य आढळले. सोळा देशांतील 528 रोग्यांच्या पाहणीत ज्या 32 जणांचे वीर्य तपासले, त्यांपैकी 29 जणांत ते होते. परंतु जनुकीय द्रव्य म्हणजे जिवंत विषाणू नव्हे. रिकाम्या घरातही मागच्या बिऱ्हाडाची भांडी सापडतात. विषाणू जिवंत आहे की नाही, हे तो पेशींत वाढवूनच कळते. एका रोग्याच्या वीर्यातून रोममध्ये तो तसा वाढलाही. इतके झाले तरी त्या मार्गानेच रोग गेला असे सिद्ध होत नाही. कारण समागमात त्वचेस त्वचा लागते, फोडास ओठ लागतात, आणि तेवढे संसर्गास पुरेसे असते. ‘सापडला’ आणि ‘तेथून गेला’ या दोन विधानांत अंतर आहे, आणि शास्त्रज्ञ ते पायरीपायरीने चालतात. आपण मात्र एकाच उडीत ‘सापडला’वरून ‘पापी आहे’ येथे पोहोचतो.

ही उडी निरुपद्रवी नसते. 1989 साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला. हा गृहस्थ नियमाने रक्तदान करणारा! राज्याच्या कायद्याने त्याला चौसष्ट दिवस एकांतात कोंडून ठेवले. प्रयोगशाळेने एका द्रवाविषयी एक वाक्य लिहिले आणि शासनाने ते माणसाविषयी वाचले.

यावर कित्येक सहृदय लोक म्हणतात की, मग संभोगाचा उल्लेखच टाळावा, ‘निकट संपर्क’ एवढे म्हणावे. मला हे पटत नाही. ज्याला धोका आहे त्यालाच ते मोघम शब्द कळत नाहीत. आणि जे आपण कुजबुजतो ते लाजिरवाणे आहे, हे आपणच कबूल करतो. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, ते गुप्तरोगांतील ‘गुप्त’ काढून टाकण्यासाठीच, असे म्हणता येईल. त्यांस न्यायालयात खेचणारे लोकही नीतीचेच नाव घेत होते. खुद्द रोगास मात्र कोणाच्या नीतीशी कर्तव्य नाही. 2023 साली काँगोतील कामितुगा या सोन्याच्या खाणींच्या गावी हाच रोग स्त्रीपुरुषांच्या समागमातून पसरला, आणि तेथे घराघरांतील मुलेही त्यातून सुटली नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, बरे झाल्यावरही बारा आठवडे सावधगिरी म्हणून निरोध वापरावा. वाक्य साधे आहे. परंतु हिंजवडीत, म्हणजे याच मुळशी तालुक्यात, नोकरी करणारा खोऱ्यातला एखादा मुलगा अंगावर फोड घेऊन पौडच्या दवाखान्यात बसला आहे, आणि शेजारी त्याची आई आहे, असे समजा. डॉक्टरांनी ते वाक्य गाळावयाचे नाही. आणि तो रात्री कोठे होता हेही आईदेखत विचारावयाचे नाही. “आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?” एवढे म्हणून त्यांनी दार लोटून घ्यावे, आणि मग मुलास सगळे मराठीत, स्पष्ट सांगावे. बाहेर बाकावर माऊली कोणा ओळखीच्या बाईला म्हणत असेल, “पोराला बहुतेक कांजिण्या आल्यात.”