शेळीचा गुर्दा आणि माणसाची शस्त्रक्रिया

अहिल्यानगरहून मनमाड रस्त्याला लागले की नागापूरची एमआयडीसी येते आणि ती मागे पडली की विळद घाट. तिथे विखे पाटील फाउंडेशनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. याच रस्त्याने पुढे राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. संगमनेरी शेळीच्या सुधारणेचे काम तिथे वर्षानुवर्षे चालू आहे. एका ठिकाणी माणसाचे शरीर शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी शेळीची जात जोपासतात. या दोघांनी एकत्र बसावे असा एक विषय आहे: मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा आपल्या दोन मूत्रपिंडांकडे जातो. हे रक्त आत कसे वाटले जाते, ते ग्रेव्हज या ब्रिटिश शल्यविशारदाने १९५४ मध्ये दाखवले. धमनीत राळ भरायची, ती घट्ट झाली की भोवतालचे मांस रसायनाने विरघळवायचे. मागे उरतो तो नुसत्या धमन्यांचा साचा. त्यावरून माणसाच्या मूत्रपिंडाचे पाच विभाग ठरले. मुळा धरणाच्या कालव्यावरची चारी बंद केली की तिच्याखालचे शिवार सुकते, शेजारच्या चारीचे पाणी तिथे चढत नाही. या विभागांचेही तसेच असते. एका विभागाची धमनी दुसऱ्याच्या मदतीला येत नाही. म्हणूनच गाठ काढताना कुठली फांदी चिमट्यात धरायची आणि मुतखड्यासाठी पाठीतून सुई कुठे घालायची, हे सर्जनला आधी ठाऊक असावे लागते.

अशा शस्त्रक्रियांचा सराव माणसावर करता येत नाही, म्हणून प्राणी आले. १९०२ मध्ये व्हिएन्नात उलमान यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड काढून त्याच्याच मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडले. पुढे मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६५ साली माणसावर मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न केला.

पण कुठला प्राणी घ्यावा? खरी मेख इथे आहे. गायी-म्हशींचे मूत्रपिंड बाहेरूनच खंडाखंडांचे असते, माणसाचे गुळगुळीत. डुकराच्या मूत्रपिंडात लघवी गोळा करणारे पेले माणसासारखे अनेक असतात; पण त्याची धमनी बहुतेक वेळा वरची आणि खालची अशी फुटते, माणसाची पुढची आणि मागची. मेंढीत धमनी माणसासारखीच पुढे-मागे विभागते, तर आतला निचरा एकाच कंगोऱ्यावर होतो. एकाची धमनी जुळते, दुसऱ्याचे पेले जुळतात. सगळेच जुळणारा प्राणी यांत नाही.

मार्च २०२४ मध्ये बोस्टनला रिचर्ड स्लेमन या रुग्णाला जनुकांत ६९ बदल केलेले डुकराचे मूत्रपिंड बसवले गेले. तिथे अख्खा अवयव जोडायचा होता. आतल्या फांद्या माणसासारख्या नसल्या तरी चालणार होते. मूत्रपिंडाचा एखादा भागच कापायचा असेल, तर मात्र त्याच फांद्यांवर सगळे अवलंबून असते. म्हणून ‘माणसाला सर्वांत जवळचा प्राणी कोणता’ हा प्रश्नच चुकीचा आहे. आधी शस्त्रक्रिया ठरवावी, मग प्राणी.

आपल्याकडे बहुधा उलटे घडते. जे सहज मिळते, ते नमुना ठरते. खाटकाकडे मिळणारा शेळीचा गुर्दा टाके घालायला आणि धमन्यांचा साचा काढायला उत्तम. त्यासाठी वेगळा जीव मारावा लागत नाही, आणि १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यामागच्या भावनेलाही ते धरून आहे. पण मेलेल्या गुर्द्यातून रक्त वाहत नाही. साचा वाट दाखवतो, प्रवाह दाखवत नाही. शिवाय शेळी कुठल्या जातीची, किती वयाची, नर की मादी, हे नोंदवले नसेल, तर शंभर साचेही एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

ही नोंद करणे पशुपालनाच्या अभ्यासकांना सोपे आहे, आणि कुठल्या फांदीचा उपयोग काय हे सर्जनला ठाऊक आहे. विळद घाट आणि राहुरी यांच्यात अंतर थोडके आहे. दोघांनी मिळून संगमनेरी शेळीच्या मूत्रपिंडाचा नकाशा करावा, आणि तो माणसाशी कुठे जुळत नाही ते पहिल्याच पानावर छापावे. सर्जनच्या हाताला त्या पानाची गरज सर्वांत जास्त आहे.