कात सुटण्यापुरती ओल

उसाच्या बांधावरल्या दगडांत सापाची कात सापडली, तर तिच्या डोक्याकडचा भाग उन्हाकडे धरून जरूर पाहावा. पांढरट, किंचित करकरीत पापुद्रा असतो. पोटाकडच्या रुंद पट्ट्या एकेक करून मोजता येतात, पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी स्वच्छ दिसतात. आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे, गोल, पारदर्शक फुगवटे असतात. ते डोळ्यांवरचे. सापाला पापणी नसते. डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसलेला असतो आणि अंगाच्या कातीबरोबर तोही बदलतो.

कोरेगाव भीमाच्या शिवारात अशी कात दिसणं नवलाचं नाही. गावाचं नाव काढलं की लोकांना नदीपलीकडचा, पेरण्याच्या हद्दीतला विजयस्तंभ आठवतो, नाहीतर नगर रस्त्यावरची वाहतूक आणि सणसवाडीच्या कंपन्या. पण भीमेच्या काठाला अजून ऊस उभा आहे. ऊस आहे म्हणून उंदीर आहेत, पाणी आहे म्हणून बेडूक आहेत, आणि या दोन्हींच्या मागे धामण, नाग, घोणस, मण्यार, दिवड आहेत.

कात टाकायची वेळ येते तेव्हा जुन्या त्वचेखाली नवी त्वचा तयार झालेली असते. मग दोन्हींच्या मध्ये पातळ द्रव उतरतो. त्यामुळे अंगावरची नक्षी फिकी पडते, डोळे दुधी-निळसर होतात. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही. तो बहुधा खात नाही, आडोशाला पडून राहतो आणि जवळ कुणी गेलं तर एरवीपेक्षा लवकर चिडतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. पाहणाऱ्याला वाटतं, संपलं. खरं काम पुढेच असतं. साप ओठाची कड दगडावर, उसाच्या बुडख्यावर घासतो. तिथे कात सुटली की दोन दगडांच्या फटीतून, मुळ्यांच्या जाळ्यातून अंग ओढत तो पुढे सरकतो आणि पायमोजा उलटा काढावा तशी कात मागे राहते. म्हणून सापडलेली कात आतली बाजू बाहेर झालेली असते, आणि ताणली गेल्यामुळे सापापेक्षा लांब भरते. कातीवरून सापाची लांबी सांगायची तर थोडं हातचं राखून सांगावं.

हे सगळं सुखरूप पार पडायला ओल लागते. हवा फार कोरडी असली, प्यायला पाणी मिळालं नाही, अंगावर बारीक किडे झाले किंवा जुनी जखम असली, तर कात अखंड उतरत नाही. तुकड्यातुकड्यांनी निघते, जागोजाग चिकटून राहते. शेपटीच्या टोकाला तिचं कडं अडकलं तर ते वाळून आवळत जातं, रक्त पुढे पोहोचत नाही, आणि टोक काळं पडून गळून जातं. डोळ्यावरचा जुना खवला तसाच राहिला तर साप धूसर नजरेनेच वावरतो.

अशा सापाला आंघोळ घालतात. परदेशांत बॉल पायथन, कॉर्न स्नेक असे साप पाळणाऱ्या घरांत हे नेहमीचं काम आहे. आपल्याकडे ते सर्पोद्यानांत आणि जखमी वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रांत करावं लागतं. पसरट टब घ्यायचा, त्यात कोमट पाणी, हाताला जेमतेम उबदार लागेल एवढंच. सापाच्या अंगाचं तापमान बाहेरच्या उष्णतेवर ठरतं. आपल्याला आंघोळीला बरं वाटणारं कढत पाणी त्याचा जीव घेऊ शकतं. पाणी अंग भिजेल एवढं खोल असावं आणि डोकं सहज वर राहावं. टबावर हवेची भोकं असलेलं झाकण. पंधरा-वीस मिनिटं साप पाण्यात राहतो आणि तेवढा वेळ माणूस तिथून हलत नाही. साबण नाही, घासणं नाही. नंतर ओल्या, जाडसर टॉवेलच्या घड्यांमधून सापाला आपला आपण सरकू द्यायचं. टॉवेलचा खरखरीतपणा आणि सापाची चाल, दोन्ही मिळून कात मागे सारतात. उतरली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. डोळ्यावरच्या खवल्याला चिमटा लावायचा नाही. ओढाओढीत खालचा नवा खवला फाटतो, कधी डोळाच जातो. तिथे पशुवैद्यच हवा, आणि तोही पुष्कळदा ओल देऊन पुढच्या कातीची वाट पाहायला सांगतो. नाग-घोणशीला तर हात लावायचा प्रश्नच नाही. त्यांच्या पेटीतच पाण्याचं मोठं भांडं आणि ओलसर आडोसा ठेवायचा.

मला या कृतीत फार मोठं शहाणपण दिसतं. इतकी काळजी, इतका वेळ, आणि तरी कात सोलायची नाही. माणसाने करायचं ते कातीच्या भोवतीचं. कात सापानेच टाकायची.

पण त्याहून जास्त रेंगाळतो तो दुसराच विचार. रानातल्या सापाला ही आंघोळ कोण घालतं? कुणीच नाही, आणि बहुतेक वेळा त्याचं काही अडतही नाही. दमट बीळ, पाटाची कड, दगडांखालची गार माती तो स्वतः शोधतो. पेटीत ठेवलेल्या सापाकडून आपण हे सगळं आधी काढून घेतो आणि मग त्यातलं थोडं टबातून परत देतो. कात्रजच्या सर्पोद्यानासारख्या ठिकाणी या बंदिवासाला अर्थ आहे. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये ते उभं राहिलं, आणि साप दिसला की काठी शोधणाऱ्या कित्येकांनी तिथे काचेआडून साप पहिल्यांदा शांतपणे पाहिला. घरात हौसेने साप ठेवण्याला मात्र मी कधी होकार देणार नाही. नाग, धामण, अजगर असे आपले साप घरी ठेवायला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय करारात संरक्षण मिळालेल्या परदेशी जातींचीही नोंदणी बंधनकारक झाली आहे. कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं. ज्याला कात टाकायला आपल्या बादलीची वाट पाहावी लागते, त्याची हौस कसली?

सापाच्या अंगावरच्या त्वचेशी माणसाचा व्यवहार फार काळ वेगळाच होता. पर्स, पट्टे आणि बुटांसाठी भारतातून सापाची कातडी परदेशी जात होती, आणि त्यात उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य वाचवणारी धामण मोठ्या संख्येने मारली जात होती. ही निर्यात 1976 मध्ये बंद झाली. एका बाजूला जिवंत सापाची सोललेली कातडी, दुसऱ्या बाजूला चिकटलेली कात सुटावी म्हणून कोमट पाण्याचा टब घेऊन बसलेला माणूस. माणसाच्या हातात दोन्ही आहे, याचा मला धीर वाटतो.

आपल्या जुन्या लोकांनी कात बारकाईने पाहिली होती. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला, ज्ञानी माणसाचा देह मागे कसा उरतो हे सांगताना, वारुळावर टाकून दिलेल्या कातीचा दाखला देतो. तत्त्वज्ञान क्षणभर बाजूला ठेवलं तरी जागा अचूक आहे. भर उन्हाळ्यातही वारूळ आतून दमट असतं, आणि साप तिथे आश्रयाला जातात. नागपंचमीची पूजाही वारुळाचीच. त्या दिवशी शेतात नांगर चालवत नाहीत, खणत नाहीत, घरात चिरणं-कापणं नाही, चुलीवर तवा नाही, पुरणाची दिंडं उकडून खायची. सापासाठी काही करण्यापेक्षा एक दिवस हात आवरायचा, ही त्या सणाची रीत मला फार जवळची वाटते. गारुड्याच्या टोपलीतल्या नागाला दूध पाजणं आणि फण्यावर हळदकुंकू टाकणं हे त्या रीतीच्या नेमकं उलट आहे. दूध हे सापाचं अन्न नाही. तहानेने व्याकूळ केलेला साप समोर येईल ते पितो.

नागपंचमीला आवरलेला हात ऊस तुटल्यावर मात्र सुटतो. तोड झाली की फडात पाचट पडतं, हेक्टरी आठ-दहा टन, आणि आजही अनेक ठिकाणी ते पेटवून दिलं जातं. काडी लावली की काम उरकतं, खोडव्याला पाणी द्यायला रान मोकळं होतं, हे खरं. पण ही आग लागते ती ऐन कोरड्या दिवसांत, ज्या दिवसांत सापाला ओलीची सगळ्यात जास्त गरज असते. बिळातून बाहेर पडलेला, दुधी डोळ्यांचा, नीट न दिसणारा साप त्या आगीतून कुठे जाणार? पाचट न जाळता सरीत दाबून कुजवलं तर जमिनीत ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या वाचतात, सेंद्रिय कर्ब वाढतो. कृषी विभाग आणि साखर कारखाने हे वर्षानुवर्षं सांगत आहेत ते उसाच्या भल्यासाठी. त्याच पाचटाखाली सापाचं स्नानघरही असतं, एवढी भर मी घालीन. कोरेगावच्या शिवारात कुणाला सापाची कात सुखाने उतरावी असं मनापासून वाटत असेल, तर त्याने टब आणायची गरज नाही. पाचट जाळू नये, आणि बांध जेसीबीने कोरताना कडेची दगडमाती थोडी राहू द्यावी.

हे लिहिताना दुसरी बाजू डोळ्यांआड करता येत नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यातली बहुतेक खेड्यांतली. पाचटात ओल राहील तिथे उंदीर येतील, साप येतील, आणि त्याच फडात आपल्याच घरातलं माणूस दारं धरायला उतरतं. ज्याच्या घरातून असं माणूस गेलंय त्याला सापाच्या कातीचं कौतुक सांगायला मी धजणार नाही. त्याला सांगायचं ते एवढंच, की पायात गमबूट हवेत, हातात बॅटरी हवी, झोप जमिनीवर नको, आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता, वेळ न दवडता प्रतिसर्पविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठायचं.

आणि शेताला वीज दिवसा हवी. मण्यार आणि घोणस रात्री बाहेर पडतात, आणि शेतकरीही रात्रीच पंप चालू करायला निघतो, कारण वीज तेव्हा येते. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचं काम सुरू आहे. तिचं मोजमाप मेगावॉटमध्ये होतं. ते माणसांच्या वाचलेल्या पावलांतही व्हावं, असं मला वाटतं.