ओळख पटणे आणि ओळख देणे : एका लाडक्या कल्पनाबंधाचा नैतिक विचार

कथावाङ्मयाच्या वाचकाला काही प्रसंग पुनःपुन्हा हवेसे वाटतात. ताटातूट झालेल्यांची भेट, हरवलेल्या मुलाचा शोध, वेष पालटून वावरणाऱ्याचे अखेर उघड होणे अशा प्रसंगांची त्याला प्रतीक्षा असते आणि आधुनिक साहित्यात ते क्वचित आढळतात याची खंतही असते. समीक्षेने या मागणीकडे बहुधा अपक्व अभिरुचीचे लक्षण म्हणून पाहिले आहे. रूढ कल्पनाबंधाची अपेक्षा करणारा वाचक आणि तो मोडू पाहणारा लेखक यांच्यात समीक्षा लेखकाची बाजू घेत आली. परंतु एखादी मागणी शतकानुशतके टिकून राहते तेव्हा ती केवळ रंजनाची मागणी आहे असे म्हणून भागत नाही. वाचक नेमके काय मागतो आहे आणि ते मागण्याचा त्याला अधिकार आहे काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. ‘अभिज्ञान’ या एका कल्पनाबंधाच्या आधारे त्याचा विचार करता येतो.

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या अकराव्या प्रकरणात अभिज्ञानाची व्याख्या अज्ञानाकडून ज्ञानाकडे होणारे संक्रमण अशी केली. सोळाव्या प्रकरणात त्याने अभिज्ञानाचे प्रकार सांगितले आणि व्रण, अलंकार यांसारख्या बाह्य खुणांवर आधारलेल्या अभिज्ञानाला कनिष्ठ स्थान दिले. घटनाक्रमातूनच निष्पन्न होणारे अभिज्ञान त्याला श्रेष्ठ वाटले. ही प्रतवारी रचनेच्या दृष्टीने मार्मिक आहे. मात्र ती अभिज्ञानाला सर्वस्वी ज्ञानव्यापार मानते. माहीत नव्हते ते माहीत झाले, की प्रसंग पूर्ण झाला.

मराठी भाषा येथे एक वेगळा भेद सुचवते. मराठीत ओळख ‘पटते’ आणि ओळख ‘दिली’ जाते. या दोन क्रिया एक नव्हेत. रस्त्यात समोरासमोर आलेल्या माणसाने ओळख दिली नाही, अशी तक्रार केली जाते तेव्हा त्याला ओळख पटली नाही असे तक्रार करणाऱ्याला म्हणायचे नसते. उलट, ती पटली होती आणि तरीही दिली नाही, हेच त्या तक्रारीचे शल्य असते. ओळख पटणे ही मनात आपोआप घडणारी घटना आहे. तिच्यात कर्तृत्व नाही, म्हणून श्रेय नाही आणि दोषही नाही. ओळख देणे ही कृती आहे. ती दुसऱ्यासमोर, बहुधा तिसऱ्याच्या साक्षीने करावी लागते आणि तिची काही किंमत मोजावी लागते. अभिज्ञानाच्या कल्पनाबंधात हे दोन्ही व्यापार एकत्र गुंफलेले असतात. त्यामुळे वाचकाची ओढ यांपैकी कशाकडे आहे हे सहसा तपासले जात नाही.

शकुंतलेच्या कथेची दोन रूपे ताडून पाहिली असता हा भेद स्पष्ट होतो. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंत काहीही विसरलेला नाही. शकुंतला मुलासह दरबारात येते तेव्हा त्याला सारे आठवते, तरी तो तिला नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर तो दोघांचा स्वीकार करतो आणि लोकांच्या मनात शंका राहू नये म्हणून आपण असे वागलो, असे स्पष्टीकरण देतो. येथे ओळख पटण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो केवळ ओळख देण्याचा. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी यांची योजना करून हा प्रश्न विस्मरणाकडे वळवला. राजा दोषमुक्त झाला आणि नैतिक अपराधाची जागा दैवी अपघाताने घेतली, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो निराधार नाही. दरबारात आपली ओळख सिद्ध करण्याचा भार शकुंतलेवर पडतो आणि खूण हरवताच तिचा शब्द निरर्थक ठरतो, हे कालिदासाच्या नाटकातही कायम आहे. ‘ओडिसी’त हा भार उलट दिशेने पडतो. दाईला ओडिसियसची ओळख जुन्या व्रणावरून पटते. पेनेलोपी मात्र, जिवंत ऑलिव्हवृक्षाभोवती घडवलेल्या आणि म्हणून हलवता न येणाऱ्या शय्येचा विषय काढून, परतलेल्या राजालाच परीक्षेला बसवते. पुरावा कोणी मागायचा आणि कोणी द्यायचा, हे ज्ञानावर ठरत नाही; ते सत्तेवर ठरते.

तथापि कालिदासाच्या सातव्या अंकातील क्रम नीट पाहिला पाहिजे. अंगठीने राजाची स्मृती सहाव्या अंकातच परत आलेली आहे. ॲरिस्टॉटलच्या अर्थाने अभिज्ञान तेथेच घडून गेले आहे. मारीचाश्रमात दुष्यंत शकुंतलेच्या पाया पडतो आणि ती त्याला उठवते, तेव्हा त्या दोघांनाही शापाची वार्ता नसते. ती मारीचाच्या तोंडून नंतर कळते. शाप प्रेक्षकाच्या दृष्टीने राजाला दोषमुक्त करतो, पण त्या दोघांमधला हिशेब शापाचा आधार न घेताच मिटलेला असतो. राजा आपला अपराध अपराध म्हणूनच पत्करतो. नाटकाच्या नावात खुणेचे माहात्म्य असले, तरी त्याची नैतिक परिणती खुणेच्या पलीकडे आहे.

या कल्पनाबंधाचे लोकप्रिय रूप मात्र खुणेपाशीच थांबले. ‘यादों की बारात’ (1973) या चित्रपटात ताटातूट झालेल्या भावांना जोडायला एक गाणे पुरते. अशा कथांत ओळख पटली, की ओळख देणे गृहीतच धरले जाते. पटल्यानंतर कोणी मान फिरवील, ही शक्यता तेथे संभवत नाही. खुणेचा आणखी एक दोष अधिक गंभीर आहे. ती बहुधा उच्च कुळाकडे बोट दाखवते. गुराख्याच्या घरी वाढलेला मुलगा राजपुत्र निघतो आणि त्याच्या गुणांचा उलगडा त्याच्या रक्ताने होतो. वास्तववादी कादंबरीने हा कल्पनाबंध दूर सारला, त्यामागे योगायोगाविषयीच्या संशयाइतकीच जन्माधारित मूल्यव्यवस्थेविषयीची नापसंतीही होती, असे मानण्यास जागा आहे. मराठी वाचकाच्या कर्णप्रेमाचीही येथे परीक्षा होते. ‘मृत्युंजय’ (1967) आणि ‘राधेय’ (1973) या कादंबऱ्यांनी कर्णाला घरोघरी नेले. हा वाचक सूतपुत्रावर झालेल्या अन्यायाने व्याकूळ होतो, की सूतपुत्र नसलेल्याला सूतपुत्र मानले गेले या अन्यायाने? कर्ण खरोखरच अधिरथाचा औरस पुत्र असता, तर त्याच्यावरचा अन्याय तसूभरही कमी झाला नसता. वाचकाची हळहळ मात्र तेवढीच राहिली असती, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

तरीही या कल्पनाबंधाचा सर्वांत उन्नत प्रसंग कर्णाच्याच कथेत आहे आणि तो त्याच्या राजकुलाशी निगडित नाही. आदिपर्वातील रंगभूमीवर कर्ण उभा आहे. कुल विचारले गेल्यावर त्याची मान खाली गेली आहे आणि दुर्योधनाने त्याला अंगदेशाचा अभिषेक केला आहे. इतक्यात काठी टेकत थकलेला अधिरथ तेथे येतो. अभिषेकाच्या पाण्याने अजून ओले असलेले मस्तक कर्ण त्याच्यापुढे नमवतो. नुकतीच मिळालेली प्रतिष्ठा ज्या एका कृतीने ढळेल, तीच कृती तो भर सभेत करतो आणि भीमाचा उपहास लगेच त्याच्या वाट्याला येतो. त्याच रंगभूमीवर कुंतीही आहे. तिला पुत्राची ओळख पटली आहे, तिची शुद्ध हरपली आहे; पण ती बोलत नाही. एकाच प्रसंगात महाभारतकाराने दोन्ही व्यापार शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकीला ओळख पटते, पण ती देता येत नाही. दुसरा ओळख देतो आणि तिची किंमत मोजतो. पुढे उद्योगपर्वात कुंती ती ओळख देऊ पाहते, पण एकांतात आणि युद्धाच्या तोंडावर. राधेच्या वात्सल्याचे ऋण कर्णाने कृष्णाजवळ आधीच बोलून दाखवलेले असते. स्त्रीपर्वात अखेर ती ओळख सर्वांसमक्ष दिली जाते. तेव्हा उदक द्यायचे असते ते मृताला.

मात्र येथे कुंतीला आरोपी ठरवून थांबणे अन्यायाचे होईल. कुमारी मातेला समाजाने जी शिक्षा ठेवली होती, तिचा विचार केल्यास तिच्या मौनाची आणि दुष्यंताच्या नकाराची प्रतवारी एकच ठरत नाही. शांतिपर्वात युधिष्ठिर या मौनाबद्दल समस्त स्त्रीजातीला शाप देतो. पण हे मौन लादणारी व्यवस्था त्या शापातून सुटते. ओळख देण्याचे दायित्व ज्याच्या हाती देण्याची सत्ता अधिक, त्याच्यावर अधिक असते, असेच म्हणावे लागते.

सत्तेचा हा मुद्दा लक्षात घेतला, म्हणजे या कल्पनाबंधाचे जुने रूप आधुनिक मराठीत का टिकू शकत नव्हते, हेही कळते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (1984) पिता कोण, हे गुपित नाही. आई जाणते, मुलगा जाणतो, गाव जाणते. बारा माशांच्या तोळ्यात एक मासा कमी असल्याचा डाग शीर्षकानेच उच्चारला आहे. येथे अंगठी सापडण्याची वाट पाहायची नाही, कारण काहीच हरवलेले नाही. अज्ञान नसेल तेथे अज्ञानाकडून ज्ञानाकडे संक्रमण कसे होणार? उरतो तो केवळ न दिलेल्या ओळखीचा प्रश्न, आणि तो रचनेच्या कोणत्याही चातुर्याने सुटणारा नाही. ‘बलुतं’मध्ये (1978) हा प्रश्न आणखी आत वळतो. तेथे सुशिक्षित दया पवार दगडूला सामोरे जातात. स्वतःच्याच भूतकाळाला ओळख द्यायची, की मान फिरवून पुढे जायचे, या पेचातून ते आत्मकथन उभे राहते. जुन्या कल्पनाबंधातील खूण आणि योगायोग या आत्मकथनांनी टाकून दिले, पण त्याचा नैतिक गाभा मराठीत प्रथमच इतक्या उघडपणे वाचकासमोर ठेवला.

तेव्हा अभिज्ञानाचे प्रसंग अधिक हवेत, या वाचकाच्या मागणीला समीक्षेने सरसकट झिडकारू नये आणि सरसकट मान्यताही देऊ नये. त्या मागणीत दोन इच्छा मिसळलेल्या आहेत. रक्ताने, खुणेने, दैवाने सारे आपोआप जुळून यावे ही एक. तिच्यात जबाबदारीतून सुटण्याची सोय आहे. कोणीतरी, गमावण्यासारखे काही हाती असताना, सर्वांदेखत दुसऱ्याला आपले म्हणावे ही दुसरी. ही दुसरी इच्छा कथेच्या रूपाने व्यक्त होत असली, तरी तिचा उगम कथेबाहेर आहे. ज्या समाजात ओळख पटूनही न देण्याचे शिष्टाचार पिढ्यानपिढ्या पाळले गेले, त्या समाजातील वाचक ओल्या मस्तकाने वाकणाऱ्या माणसाची वाट पाहत असेल, तर त्याची अभिरुची अपक्व नव्हे. ती वाट त्याने स्वतःपुरती पाहावी, की स्वतःही कोणाला ओळख द्यायची राहिली आहे हे त्याने आठवावे, एवढे मात्र कथा त्याच्या वतीने ठरवू शकत नाही.