नोंद कोणाची?

गेल्या फाल्गुनात एका रविवारी, लखनौपासून काही तासांच्या वाटेवर असलेल्या एका नदीच्या वाळवंटात मी उभा होतो. नदीचे नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल. होडी वल्हवणाऱ्या वृद्ध मल्लाहाने वाळूवरची एक पुसट रेघ दाखवली आणि रात्री येथे कासवीने अंडी घातली आहेत असे सांगितले. मला तर तेथे काहीच दिसत नव्हते. मी खिशातून फोन काढला. हल्ली आमच्यासारखे हौशी लोक अशा वेळी छायाचित्र घेतात आणि ते स्थळ, काळ व जातीच्या नावासह जगाच्या सामायिक संग्रहात जमा करतात. मल्लाहाने अडवले नाही, इतकेच म्हणाला, "हुजूर, जगह मत लिखिएगा."

पाहिलेली गोष्ट नोंदवावी आणि ती नोंद सर्वांना देऊन टाकावी, या पक्षाचा मी पूर्वीपासूनच आहे. आणि त्याला कारण आपल्यासारख्याच एका बदलीच्या नोकराची हकीकत. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ऐकलेले असते. १८५७ च्या धामधुमीत हा गृहस्थ याच प्रांतात इटाव्याला कलेक्टर होता आणि पक्ष्यांचे त्याला वेड होते. देशभर विखुरलेल्या अधिकाऱ्यांकडून तो टिपणे मागवी, आणि १८७२ पासून 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकातून ती छापी. स्वतःची सुमारे २५ वर्षांची हस्तलिखिते मात्र त्याने एका मोठ्या ग्रंथासाठी शिमल्याच्या घरी राखून ठेवली होती. १८८४ च्या सुमारास, तो घरी नसताना, नोकराने ती बाजारात रद्दीच्या भावाने विकली. ह्यूमने त्यानंतर पक्ष्यांचा नाद सोडला आणि आपला प्रचंड संग्रह, सुमारे ६३ हजार कातडी व १९ हजार अंडी, १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. 'स्ट्रे फेदर्स'चे अंक आज कोणालाही घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. जे त्याने वाटून टाकले होते तेवढे उरले.

त्याने टपालाने जे केले तेच आज यंत्रे करीत आहेत. २००१ मध्ये स्थापन झालेल्या, कोपनहेगन येथे कार्यालय असलेल्या जागतिक जैवविविधता माहिती संस्थेच्या भांडारात तीनशे कोटींहून अधिक नोंदी साठल्या आहेत. आपल्या लखनौतही दिलकुशा भागात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. भारतीय माशांच्या जाती त्यांच्या आनुवंशिक खुणांवरून ओळखता याव्यात म्हणून तेथील शास्त्रज्ञांनी सामायिक माहितीसंग्रह उभारले आहेत. अशा संग्रहाचे सामर्थ्य एका नोंदीत नसते. एकाने बहराइचला पाहिलेले आणि दुसऱ्याने पाटण्याला पाहिलेले शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे कोणती जात कोठून नाहीशी होत आहे ते दिसू लागते.

मग मल्लाहाचे म्हणणे अडाण्याचे म्हणून सोडून द्यावे काय? १९९४ मध्ये इंडोनेशियाच्या रोटी बेटावरील लांब मानेचे कासव ही स्वतंत्र जात असल्याचे शास्त्राने जाहीर केले. शौकिनांच्या बाजारात त्याला अशी काही मागणी आली की थोड्याच वर्षांत ते बेटावर जवळजवळ दिसेनासे झाले. वर्णन करणाऱ्याचा हेतू शुद्धच होता. पण शोधनिबंध तस्करालाही वाचता येतो. आणि हे काही दूरदेशीचे भय नव्हे. जानेवारी २०१७ मध्ये लखनौजवळच्या अमेठी जिल्ह्यात, गौरीगंज येथे, पोलिसांनी एकाच छाप्यात ६,४०० हून अधिक जिवंत कासवे पकडली.

यावर 'गोपनीय' असा शिक्का मारून मोकळे व्हावे, ही आपल्या पेशाला सुचणारी पहिली युक्ती. मला ती पटत नाही. उद्या याच वाळवंटाचा वाळूउपशासाठी लिलाव निघाला, तर फाइलीत 'सदर क्षेत्रात वन्यजीव नाहीत' असे लिहिणाऱ्याला खोटे पाडायला नोंदीखेरीज दुसरे काय असणार? तस्कर रात्री येतो आणि चोर म्हणून येतो. ठेकेदार दिवसा येतो, परवाना घेऊन. एकापासून कासवीला मौन वाचवते, दुसऱ्यापासून तेच मौन तिला मारते.

व्यवहारात यावर तोड निघाली आहे. आयनॅचरलिस्टसारखे संग्रह संकटग्रस्त जातीचे नेमके ठिकाण झाकतात आणि ती अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशाच्या चौकटीत कोठेतरी दिसली इतकेच लोकांस दाखवतात. हे असत्य नव्हे. आपल्याकडे कोणी ठेव ठेवली असेल तर ती आहे हे आपण नाकारीत नाही. कोणत्या पेटीत आहे ते मात्र रस्त्यावर सांगत नाही.

तथापि माझी खरी अडचण निराळीच होती. नोंदीत निरीक्षक म्हणून नाव पडणार होते माझे. पाहिले त्याने, ओळखले त्याने, आणि त्या रेघेचा अर्थ कळायला त्याचे आयुष्य खर्ची पडलेले. माझा वाटा फोनपुरता. डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांचा पुरस्कार केला, त्यामागे हाच विचार होता की गावाचे ज्ञान गावाने मांडावे आणि त्यावर गावाचा हक्क राहावा. २००२ चा कायदा आणि २००४ चे नियम यांनी त्या नोंदवहीला सरकारी रूप दिले. पुढे हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. मुदत आली म्हणजे रकाने कसे भरले जातात, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण मूळ विचार खोटा ठरत नाही. जो सांगतो त्याला विचारल्याशिवाय त्याचे ज्ञान जगाला दान करण्याचा अधिकार मला कोणी दिला? दुसऱ्याच्या वस्तूचे दान करणे फार सोपे असते.

म्हणून त्याच वाळूवर बसून मी त्याला विचारले. चौकट म्हणजे काय ते काठीने आखून दाखवले: इतक्या मोठ्या मुलखात कोठेतरी, एवढेच लोकांना दिसेल, नेमकी जागा माझ्यापाशी राहील, आणि माझी बदली झाली तर वाळूउपशाविरुद्ध ती सांगणे तुझ्या हाती. नाव लिहू काय, तर तो नको म्हणाला. पोलीस प्रथम मल्लाहाच्याच दारी येतात, हे त्याने दिलेले कारण. नोंदीच्या शेऱ्यात मग मी 'स्थानिक नावाड्याने दाखविले' एवढेच लिहिले आणि त्याला वाचून दाखवले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, परसालच्या पुरात ही वाळू वाहून गेली होती, तेव्हा कासवी पलीकडच्या काठाला गेल्या होत्या. यंदा परत आल्या. हेही लिहा.