शिमोनाचे घर

शास्त्रपाठ : मार्क १:१६–३१



ज्या अध्यायात शिमोन जाळी टाकून प्रभूच्या मागे निघाला, त्याच अध्यायात, अवघ्या अकरा वचनांनंतर, प्रभू शिमोनाच्या घरी गेला. पहिली गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो. कोणी सेवेस दूर निघाला की निरोपाच्या सभेत तीच वाचतात. दुसरी मात्र आपण रोगी बरे करण्याच्या गोष्टींत घालतो आणि ते घर कोणाचे होते हे विसरतो. ज्याने नुकतेच सर्व सोडले होते, त्याचेच ते घर. आत त्याची सासू तापाने पडली होती. प्रभू सभास्थानातून निघाला तो थेट तेथे गेला आणि तिचा हात धरून त्याने तिला उठविले. याकोब व योहान यांच्या बापाविषयीही मार्काने एक बारीक गोष्ट लिहून ठेविली आहे. जब्दी तारवात एकटा राहिला नाही. त्याच्याजवळ मोलकरी होते. मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे शुभवर्तमानाने असे टिपून ठेविले आहे.

आपल्या महाराष्ट्रात सुवार्ता घेऊन जे परदेशाहून आले, त्यांच्या घरांचे काय झाले, हे आपण सहसा विचारीत नाही. गॉर्डन हॉल १८१२ साली अमेरिकेहून निघून १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. अमेरिकन मराठी मिशनच्या कामाचा आरंभ तो. १८१६ साली त्यांनी मार्गारेट लुईस या इंग्रज बाईशी विवाह केला. पुढे मुलांची प्रकृती येथील हवेत टिकेना, म्हणून १८२५ साली आई दोघां मुलांस घेऊन अमेरिकेस निघाली व हॉलसाहेब कामावरच राहिले. थोरला मुलगा समुद्रावरच वारला. पुढील वर्षी हॉलसाहेब नाशिक व त्र्यंबक या बाजूस गेले असता तेथे पटकी चालू होती. जवळचे बहुतेक औषध त्यांनी रोग्यांस वाटले. परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकी लागली आणि २० मार्च १८२६ रोजी एका देवळाच्या ओसरीत त्यांनी प्राण सोडला. वय ४१ वर्षांचे होते.

त्या ओसरीवरील मरणाविषयी मी अनेक प्रवचने ऐकली आहेत, आणि एक-दोन केलीही आहेत. मार्गारेटबाईंविषयी एकही ऐकले नाही. एक लेकरू समुद्रास देऊन दुसरे पोटाशी धरून ही माउली पैलतीरास गेली. आपण विधवा झालो, हे तिला कळावयासच त्या काळच्या जहाजांच्या गतीने कित्येक महिने लागले असतील. धाकटा मुलगा वाचला व पुढे अमेरिकेतच पाळक झाला.

ह्यूम घराण्याची गोष्ट निराळी आहे. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ साली मुंबईस आले. १८५४ साली आजारी होऊन स्वदेशी परतताना ते जहाजावरच वारले. त्यांच्या पत्नी हॅनाबाई यांनी अमेरिकेत मुले वाढविली. त्यांतला रॉबर्ट ॲलन, जो १८४७ साली मुंबईतच जन्मला होता, तो १८७४ साली मिशनरी होऊन अहमदनगरास आला व सुमारे अर्धशतक तेथे राबला. उपदेशक व पाळक तयार करण्याचे विद्यालय त्यानेच तेथे उभारिले. त्याचा भाऊ एडवर्डही मुंबईस येऊन शाळेच्या कामास लागला. हे ऐकून कोणी म्हणेल, पाहा, देवाने भरपाई केली. असे म्हणण्याची घाई करू नका. हॉल यांचा थोरला मुलगा परत आला नाही. एकाच्या लेकरांचे उदाहरण दुसऱ्याच्या दुःखावर औषध म्हणून लावू नये.

आता आपल्या रानातील गोष्ट. चंद्रपुराकडचा मराठी माणूस भामरागडच्या पलीकडे माडिया गावात गेला, की भाषा, अन्न, वाट सर्वच बदलते. परदेश म्हणावा तो तेथेच सुरू होतो. काही वर्षांमागे ऐन श्रावणात मी तिकडे होतो. पर्लकोटा पुलावरून वाहू लागली, रस्ता बंद झाला, फोन लागेना. चार दिवस मी अडकलो. त्याच दिवसांत घरी माझ्या धाकट्या मुलीस हिवताप आला. दुसऱ्या रात्री तिला झटके आले. बायकोने तिला अंगावर घेतले आणि एका शेजाऱ्याच्या ऑटोतून दवाखाना गाठला. शेजारी आपल्या मंडळीतला नव्हता. मंडळीतली एक म्हातारी विधवा रोवणीची मजुरी बुडवून तीन दिवस दवाखान्यात बसली. बाकी आम्ही सारे प्रार्थनेत आठवण करीत होतो, असे मला मागाहून सांगण्यात आले.

मी त्या महिन्याचा अहवाल लिहिला. किती गावे, किती सभा, किती पुस्तके, असे रकाने होते. त्या रात्रीसाठी रकाना नव्हता. मुलगी बरी झाली. पुढल्या खेपेस निघताना तिने विचारले, "बाबा, पुन्हा पूर आला तर?" मी तिला देव आहे असे सांगितले. ते खरेच होते. पण ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली, आणि तिला आणखी काय हवे होते हे मला ठाऊक होते.

पौल करिंथकरांस लिहितो (१ करिंथ ९:५) त्यावरून दिसते की केफा पुढे सेवेच्या प्रवासात आपल्या पत्नीस बरोबर नेत असे. ज्या घरात प्रभूने तापकऱ्याचा हात धरला, त्याच घरातली ही लेक. ती पाचारणास आड आली नाही. आपल्या घराकडे प्रभूचे लक्ष आहे, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. आज ते डोळ्यांनी दिसावे, तर कोणी तरी उपासनेहून उठून थेट तिकडे गेले पाहिजे.

आमच्या मंडळीतील एक उपदेशक पुढील आठवड्यात सिरोंच्याकडे निघत आहे. घरी पत्नी, दोन लेकरे व दृष्टी गेलेली आई. तांदळाची वर्गणी झाली आहे, शाळेच्या वह्यांचेही एका भावाने अंगावर घेतले आहे. रात्री-अपरात्री हाकेला धावून कोण जाईल, त्याचे नाव मात्र अजून पुढे आलेले नाही. रविवारी उपासनेनंतर दारातच थांबून ते ठरवू.