छप्पर, आंघोळीचे पाणी आणि दोनशे युनिट

घर गार ठेवायला किती खर्च येईल हे आधी हवामान ठरवते, मग छप्पर. यंत्राचा क्रमांक त्यानंतर लागतो. धारवाडहून बेळगावकडे जाताना पुणे-बंगळूर महामार्गालगत बेलूरची औद्योगिक वसाहत लागते (होयसळ मंदिरांचे बेलूर हासन जिल्ह्यातले, हे वेगळे). तिच्या आसपासच्या वस्तीत हा क्रम स्पष्ट दिसतो. हा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला मलनाडची झाडी, पूर्वेला काळ्या मातीचे सपाट रान. एप्रिलात दुपारी पारा ३६-३७ अंशांवर जातो, पण रात्री तो २०-२२ अंशांपर्यंत उतरतो. वळीव कोसळला तर संध्याकाळच गार होते. थंडीत खोली तापवण्याची वेळ येत नाही. त्यामुळे इथल्या कुटुंबाचा खर्च दोन ठिकाणी होतो: उन्हाळ्यातला गारवा आणि बारा महिने आंघोळीचे पाणी.

उन्हाळ्याची उष्णता मुख्यतः वरून येते. बेलूर सुमारे साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. ऐन उकाड्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जेमतेम चाटून जाते आणि सगळा मारा छपरावर होतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा आभाळ ढगांनी भरलेले असते.

जुन्या घरांनी हे ओळखले होते. धारवाडच्या पूर्वेला पावसाचे मान कमी. तिथे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेली माळवदे होती. पश्चिमेला पाऊस जास्त, म्हणून उतरती कौले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले घाटावरही पसरली. कौल तापते, पण त्याच्या फटींतून गरम हवा निसटते आणि खालचा माळा मधल्या पोकळीचे काम करतो. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचायला आठ-दहा तास लागतात. तोवर बाहेर गार वारा सुटलेला असतो.

पाच इंची स्लॅबचा हिशेब नेमका उलटा. त्यातून उष्णता तीन-चार तासांत खाली उतरते, म्हणजे पहिल्या पाळीचा कामगार घरी येऊन पाठ टेकतो तेव्हा छत तापलेल्या तव्यासारखे झालेले असते. पत्र्याला तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून गारव्यावरचा पहिला रुपया गच्चीवर खर्च करणे शहाणपणाचे. पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग ऊन आत शिरण्यापूर्वीच मागे फिरवतो. अहमदाबादने २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरे अशी पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तर तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच आणले. धारवाडी पावसात मात्र पांढऱ्या गच्चीवर शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात धूळ साचते. त्यामुळे चुन्याचा हात दर फाल्गुनात नव्याने फिरवावा लागतो.

छपरानंतर पश्चिमेची भिंत. कलते ऊन सज्जाखालून सरळ खिडकीत शिरते. त्याला अडवायचे तर चटई, वाळ्याचा पडदा किंवा शेवग्याचे झाड खिडकीबाहेरच हवे. आतल्या पडद्यावर ऊन पडेपर्यंत उष्णता घरात आलेली असते. दिवसा खिडक्या बंद आणि रात्री सताड उघड्या, हा या हवामानातला सर्वांत स्वस्त उपाय. त्यासाठी खिडकीला डासांची जाळी लागते, आणि जाळीअभावी ही रात्रीची गार हवा कित्येक घरांना मिळत नाही.

पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा म्हणजे निव्वळ खर्च. साधा पंखा ७५ वॅटचा असेल तर दिवसाला बारा तास धरून महिन्याला २७ युनिट खातो. कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो, म्हणजे महिन्याला ११ युनिट. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी कूलरही दीडशे-दोनशे वॅटमध्ये उत्तम काम देतो.

एसीचा प्रश्न कर्नाटकात निराळा आहे. ऑगस्ट २०२३ च्या बिलांपासून लागू झालेल्या गृहज्योती योजनेत घराच्या २०२२-२३ मधल्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढ धरून वीज मोफत ठरली, तीही २०० युनिटांच्या आत. एखाद्या महिन्यात वापर दोनशेच्या वर गेला की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. रोज आठ तास लावला तर एकटा एसीच महिन्याला २४० युनिट खातो. त्याचे तापमान वाढवून २४ अंशांवर ठेवले, तर वाढवलेल्या दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. पण दोनशेची रेषा सांभाळायची असेल तर एवढ्याने भागत नाही. एसीचे तासच कमी करावे लागतात, आणि ते गार छपराखालीच जमते.

पाण्याचा हिशेबही याच रेषेशी येऊन भिडतो. चार माणसांना रोज पंधरा लिटरची एकेक बादली, म्हणजे ६० लिटर पाणी २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे १.४ युनिट लागतात, महिन्याला ४२. दोनशेतला पाचवा हिस्सा न्हाणीघरातच संपतो. पूर्वी हे काम न्हाणीतल्या चुलीवरचा तांब्याचा हंडा करी आणि त्याला काटक्या, करवंट्या, दाणे काढलेली मक्याची कणसे पुरत. आता दक्षिणेकडे तोंड केलेला सौर बंब ते करतो. दोन चौरस मीटरच्या पॅनेलमध्ये रोज १०० लिटर पाणी तापते. कूपनलिकेच्या क्षारांनी तांब्याच्या नळ्या बुजतात, म्हणून जड पाण्याला काचेच्या नळ्यांचा बंब बरा. जूनपासून ढग दाटले की सूर्य हात आखडता घेतो आणि गॅस किंवा गीझर लागतोच. हे धरूनच खरेदीचा हिशेब करावा.

या सगळ्यात एक अन्याय आहे. कारखान्यांभोवतीच्या खोल्यांत राहणारे बहुतेक कामगार भाडेकरू. वीजबिल ते भरतात, छप्पर मात्र मालकाचे. चुना, सौर बंब, जाड छत यांचा खर्च मालकाने करायचा आणि फायदा भाडेकरूला व्हायचा, म्हणून कोणीच काही करत नाही. भाडेकरूला स्वतः करता येते ते थोडके: पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूची चटई बांधणे, खिडकीला जाळी ठोकणे, मालकाची परवानगी काढून पत्र्याला चुना मारणे. भाडेकरार दर अकरा महिन्यांनी नवा होतो. छपराला चुना कोणी मारायचा हे त्यातच लिहून घेता येते.